‘शंभराचे द्या’, ‘एक किलो द्या’, ‘आज स्वस्त काय?’ : मागणी नक्की ठरते कशावर?

रानमोगरा | शनिवार, रात्री ९.१२

बारावी कॉमर्सला मागणीचा नियम (भाव वाढला की मागणी घटते) शिकवून झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: "टीचर, पण माणसं खरंच एवढा हिशेब करतात?" पुस्तकातल्या विवेकी ग्राहकाला आपल्याला काय आवडतं ते पक्कं ठाऊक असतं, त्याच्या आवडीनिवडीत क्रम असतो आणि खिशातल्या पैशांत तो जास्तीत जास्त समाधान पदरात पाडून घेतो. मुलांच्या डोळ्यांसमोर असते घरची आई. ती काही वही-पेन्सिल घेऊन मार्केटात जात नाही.

म्हणून यंदा मुलांना फोंड्याच्या मार्केटात पाठवलं. भाव लिहून आणू नका म्हटलं, गिऱ्हाईक तोंडाने काय मागतं तेवढं ऐकून या. जे ऐकून आली त्यात तीन तऱ्हा निघाल्या.

पहिली, "उकडे तांदूळ पाच किलो द्या." भाव विचारलाच नाही, किंवा विचारला तो पैसे देताना. किंमत चार रुपये वर-खाली झाली तरी पाच किलो ते पाच किलोच. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव हलला की मागणी किती हलते ते माप, जवळजवळ शून्य.

दुसरी, "शंभराचे द्या." इथे पैसे ठरलेले आणि माल बदलता. खर्च कायम राहतो, म्हणजे किंमत ज्या प्रमाणात वाढते त्याच प्रमाणात नग कमी होतात. लवचिकता बरोब्बर एक. हे पाठ्यपुस्तकातलं सगळ्यात देखणं उदाहरण आपल्या नुस्तेकान्नी (मासळी विकणाऱ्या बायका) रोज करून दाखवतात, कारण त्या भावच उलटा सांगतात. "कितलें?" विचारलं की "शंभराक धा, व्हर गो बाय." माल कमी आला की शंभराक आठ. शंभराची नोट जागची हलत नाही, वाट्यातले बांगडे हलतात.

तिसरी, "आज स्वस्त काय?" हा माणूस मासळीबाजारात शिरताना काहीच ठरवून आलेला नाही. याची प्रत्येक माशासाठीची लवचिकता दांडगी.

आता प्रश्न मंडळींना. यांतला विवेकी कोण? आणि भाव सोडून मागणीला आणखी कोण वाकवतं? गोव्यातली उदाहरणं द्या, मुलांना सोमवारी वाचून दाखवायची आहेत.

तिसवाडी_एक्स्प्रेस | रात्री ९.३०

चौथी तऱ्हा राहिली टीचर. "थांबा हां, घरी फोन लावून विचारतो." लवचिकता माहीत नाही, विवेक शंभर टक्के.

सुंगटां_सोलणारी | रात्री १०.०५

वरच्या तिन्ही तऱ्हा म्हणजे मीच, आणि त्यासुद्धा एकाच पिशवीत. तांदूळ ठरलेला. मासळी शंभराची, पाहुणे असले तर दोनशेची. भाजी जी स्वस्त ती. त्यामुळे "विवेकी कोण" असं माणसाकडे बोट दाखवून नाही विचारता येणार. वस्तूगणिक माझा हात वेगळा चालतो.

बरं, ‘मासळी’ म्हटलं तर मी बधणार नाही. आमच्याकडे हुमण (माशाची आमटी) नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पण ‘कुठली मासळी’ म्हटलं की मी कशालाही तयार. विसवण (सुरमई) डोळे वटारायला लागली की बांगडा, बांगडा चढला की तारले, तारले दिसले नाहीत तर तिसऱ्यो, आणि पावसाळ्यात काहीच धड नसेल तर सुकी सुंगटां (कोळंबी) आहेतच. आता टीचरनी सांगावं मी लवचिक का ताठ.

नारळाचंही बघा. नारळाचे भाव असे काही चढले की कोणी म्हणेल गोंयकार नारळ सोडेल. सोडला नाही. पण काटकसर कुठे झाली ते बाजारात दिसत नाही, ते आमच्या किचनात दिसतं. आधी एका हुमणाला अख्खा नारळ फोडायचे. आता एक कवड (अर्धा नारळ) आज, दुसरी फ्रीजमध्ये उद्यासाठी. सोलकढीला दुसऱ्यांदा पिळून काढलेला रस चालतो. भाजीवर वरून चून (खवलेलं खोबरं) घालायची सवय गेली. गोड खोबऱ्याच्या वड्या तर चतुर्थीपुरत्याच. हुमणातला नारळ सगळ्यात शेवटी कमी झाला, आणि भाजीवरचा सगळ्यात आधी. हे मी वहीत मांडून केलेलं नाही, पण बिनहिशेबीही केलेलं नाही.

रानमोगरा | रात्री १०.२०

सुंगटां ताई, तुम्ही घटत्या सीमांत उपयोगितेचा अख्खा धडा शिकवलात. नारळाची पहिली कवड हुमणात जाते कारण तिथे तिची किंमत सगळ्यात जास्त, शेवटची चिमूट भाजीवर जाते. भाव वाढला की कात्री शेवटच्या चिमटीला आधी लागते. १८७१ च्या सुमारास इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर यांनी एकमेकांना न विचारता हेच मांडलं, आणि १८९० मध्ये मार्शलने त्याची मागणीच्या वक्राशी (कुठल्या भावाला किती नग मागितले जातात ते दाखवणारी रेघ) सांगड घातली. मासळीबद्दल: ‘मासळी’ या गटासाठी तुम्ही ताठ, एकेका माशासाठी लवचिक. पर्याय जितके जवळचे आणि जितके जास्त, तितकी लवचिकता जास्त.

बीकॉम_तिसरं_वर्ष | रात्री १०.४१

टीचर, एक शंका. शंभराला दहा म्हणजे एक बांगडा दहा रुपये. शंभराला आठ म्हणजे साडेबारा. किंमत २५ टक्के वाढली, नग १० वरून ८ म्हणजे २० टक्के घटले. मग लवचिकता ०.८ आली. एक कशी?

दोन_पैसे | रात्री ११.०२

शंका रास्त आहे, पण घोळ पायाचा आहे. टक्के काढताना पाया कुठला धरला यावर उत्तर बदलतं, म्हणून दोन बिंदूंमधलं अंतर मोठं असलं की सरासरी पाया धरायचा. किमतीत २.५० चा बदल, सरासरी किंमत ११.२५, म्हणजे सुमारे २२.२ टक्के. नगांत २ चा बदल, सरासरी ९, पुन्हा सुमारे २२.२ टक्के. भागाकार १. खर्च कायम असला की असं व्हायलाच हवं.

या उलट्या भावात मला दुसरीच गंमत दिसते. शंभराला दहाचे नऊ झाले तर किंमत सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. चाराचे तीन झाले तर ३३ टक्क्यांनी. गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा वाटतं एकच बांगडा कमी झाला. मोठ्या बांगड्यांच्या वाट्यात एक नग उचलणं म्हणजे केवढी भाववाढ हे घासाघीस करणाऱ्याच्या लक्षात येतंच असं नाही. विकणारीच्या लक्षात मात्र नक्की असतं.

अंत्रुजकार | रविवार, सकाळी ७.१८

धागा वाचला. आपण सगळे ग्राहकाला फारच शहाणे ठरवीत आहात. माझ्या डोळ्यांसमोरची दोन उदाहरणे देतो.

एक, मानकुराद. हंगामाच्या सुरुवातीला पहिला मानकुराद म्हापशाच्या बाजारात येतो तेव्हा डझनाचा भाव ऐकून छातीत धस्स होते. तोच आंबा मे महिन्याच्या मध्याला चौथाईच्या आसपास येतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी पहिली पेटी विकली जाते, आणि घेणारा तिचा फोटो नातेवाइकांना पाठवतो. हा कुठला विवेक?

दोन, तांबडी भाजी. फुटपाथवर बसलेल्या म्हातारीशी जुडीमागे पाच रुपयांसाठी वाद घालणारा गृहस्थ संध्याकाळी फ्रीज घ्यायला गेला की पाचशे रुपये इकडेतिकडे झालेले त्याच्या गावीही नसतात. पाच रुपये हे पाच रुपयेच ना?

मला वाटते, अर्थशास्त्रातला विवेकी ग्राहक हा वर्गाबाहेर कोणी पाहिलेला नाही.

दोन_पैसे | सकाळी ९.४५

काका, तुमचं तांबडी भाजीचं निरीक्षण चांगल्या संगतीत आहे. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना हेच विचारलं होतं. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलर स्वस्त मिळतोय, जाल का? ६८ टक्के हो म्हणाले. तेच ५ डॉलर १२५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर वाचत असतील तर? फक्त २९ टक्के. वेळ तीच, बचत तीच. माणूस रुपये मोजत नाही, रुपयांचं प्रमाण मोजतो. त्याआधी हर्बर्ट सायमनने सांगितलं होतं की माणसाकडे सगळे पर्याय तपासायला ना वेळ असतो ना डोकं, तो ‘बऱ्यापैकी’ सापडलं की थांबतो. दोघांनाही नोबेल मिळालं, सायमनला १९७८ साली, काहनेमनला २००२ साली. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते.

पण यावरून मागणीचा नियम कोसळत नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरने १९६२ मध्ये एक मुद्दा काढला, तो मला फार आवडतो. समजा बाजारातली सगळी गिऱ्हाइकं तद्दन अविचारी आहेत, डोळे मिटून वस्तू उचलतात. तरी खिसा तर मर्यादित आहे ना? बांगडा महागला की त्याच पैशांत जे जे पदरात पडू शकतं त्यात बांगड्यांचा वाटा आपोआप आकसतो. हजार लोकांची बेरीज केली की मागणी खालीच उतरलेली दिसते. टीचरांचा ‘शंभराचे द्या’वाला घ्या. सवयीने बोलतोय की विचाराने, याने काय फरक पडतो? त्याची मागणी दोन्ही वेळा तीच.

म्हणून माझ्या मते रानमोगरा ताईंचा "विवेकी कोण" हा प्रश्न दुय्यम आहे. खिसा, पर्याय आणि भाव या तीन गोष्टी बरंचसं काम उरकतात. विवेक उरलेल्यात.

सुंगटां_सोलणारी | सकाळी १०.३०

डोळे मिटून मासळी उचलणारा गिऱ्हाईक आमच्या नुस्तेकान्नीला फार आवडेल. कालची तारली त्यालाच जातील.

रानमोगरा | सकाळी ११.१५

दोन_पैसे, मुद्दा मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. खिशाने मागणी खाली उतरते, ठीक. पण ती उभीच्या उभी सरकते केव्हा? तिथे खिसा पुरत नाही. श्रावण बघा. भाव तोच, पगार तोच, आणि आमच्या वाड्यावर मासळी बंद. कित्येक घरांत तर चतुर्थीचा गणपती पोचवेपर्यंत. किंमत बदलून मागणी हलली तर तो विस्तार किंवा संकोच, एकाच वक्रावरचा प्रवास. श्रावणात होतो तो ऱ्हास, वक्रच डावीकडे सरकतो. मुलं इथेच सगळ्यात जास्त मार्क घालवतात.

आणि गोव्यात यात एक वेगळाच पदर आहे. यांत्रिक बोटींची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. ऑगस्टला बोटी समुद्रात जातात, मासळी येऊ लागते, आणि नेमका त्याच सुमाराला श्रावण. पुरवठा वाढतोय आणि हिंदू घरांची मागणी गळतेय. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात हिंदू सुमारे ६६ टक्के, ख्रिस्ती २५ टक्के. बाजाराची मागणी म्हणजे घराघरांच्या मागणीची बेरीज, त्यातला एवढा मोठा तुकडा एकदम बाजूला झाला तर भाव नरमणारच. माझी शेजारीण, सासष्टीची ख्रिस्ती, श्रावणाची वाट आमच्यापेक्षा जास्त बघते. कोरेज्मात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) ती मांस सोडते तेव्हा गणित उलटं फिरतं.

बीकॉम_तिसरं_वर्ष | दुपारी १२.०४

मग सुकी मासळी ही गिफेन वस्तू म्हणता येईल का? पावसाळ्याच्या तोंडाला सुक्या बांगड्याचा भाव वाढतो आणि तरी लोक जास्त घेतात. किंमत वर, मागणीही वर.

रानमोगरा | दुपारी १२.२२

नाही रे. भाव वाढला म्हणून लोक जास्त घेत नाहीत. बंदी आणि पाऊस येतोय म्हणून सगळेच घ्यायला धावतात, म्हणून भाव वाढतो. वक्र उजवीकडे सरकला की किंमत आणि नग दोन्ही वर गेलेले दिसतात. मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) फेरी भरते ना, खारें (सुकी मासळी), मिरच्या, कांद्यांच्या माळा, सोलां (आमसुलं), ती सगळी पुढच्या महिन्यांच्या भावाच्या अंदाजावर उभी आहे. उद्या मिळणार नाही किंवा महाग मिळेल या भीतीने आजची मागणी फुगते. परीक्षेत ‘भविष्यकालीन किमतींविषयीची अपेक्षा’ असं लिही.

दोन_पैसे | दुपारी १.१०

गिफेनबद्दल भर. कल्पना मार्शलने छापली, पुरावा सापडायला शंभरावर वर्षं लागली. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदळावर सवलतीची कुपनं दिली. तांदूळ स्वस्त झाला आणि त्यांनी तांदूळ कमी खाल्ला, वाचलेले पैसे दुसऱ्या चवीच्या अन्नाकडे वळवले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण त्यासाठी घर इतकं गरीब हवं की जेवणाचा मोठा हिस्सा एकाच धान्याचा, आणि तरीही इतकं नको की दुसरं काही परवडूच नये. देशपातळीवर बघा, २०२२-२३ च्या सर्वेक्षणात घरखर्चातला अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के, शहरी भागात ३९ टक्के. २०११-१२ मध्ये तो ५३ आणि ४३ च्या आसपास होता. उत्पन्न वाढलं की अन्नाचा वाटा घटतो हे एंगेलने १८५७ मध्ये सांगून ठेवलं आहे. यात गिफेनला जागा कमी कमी होत जाते.

काकांचा पहिला मानकुरादही गिफेन नाही. काहीजण त्याला व्हेब्लेनच्या खात्यात टाकतील, दिखाव्याची खरेदी.

अंत्रुजकार | दुपारी २.०० (जेवण करून)

दिखावा हा शब्द मला कडक वाटतो. पहिली पेटी पुष्कळदा घरी खाल्लीच जात नाही. व्याह्यांकडे जाते, डॉक्टरांकडे जाते, ज्यांनी काम केले त्यांच्याकडे जाते. मेमध्ये दिलेला आंबा म्हणजे आंबा, मार्चमध्ये दिलेला म्हणजे आठवण ठेवली. ही वेगळीच वस्तू झाली. तेव्हा मीच माझ्या सकाळच्या प्रतिसादाला थोडी मुरड घालतो. पेटी घेणारा अविचारी नसेलही. फ्रीजवाला मात्र अविचारीच.

बांद्याचो_भाव | संध्याकाळी ५.३५

काय सांगू तुमका, तुमच्या मागणीच्या वक्रात आम्ही सिंधुदुर्गवालेपण आहोत. २०१२ साली पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. पत्रादेवीच्या पंपावर आमच्या एमएच ०७ ची रांग. आता तेवढा फरक राहिला नाही तरी गोव्यातलं पेट्रोल आजही महाराष्ट्रापेक्षा स्वस्तच.

पण मुद्दाम जाणाऱ्यांना मी हिशेब विचारतो. समजा लिटरला ८ रुपये वाचतात आणि पेट्रोल ९७ च्या आसपास. कारमध्ये ३० लिटर घातलं तर २४० वाचले. जाऊनयेऊन २० किलोमीटर, १५ चा ॲव्हरेज, म्हणजे साधारण १३० रुपयांचं पेट्रोल त्यातच जळलं. हातात उरले ११०. ठीक. आता स्कूटर. पाच लिटर घातलं, वाचले ४०. २० किलोमीटरला ४५ चा ॲव्हरेज धरला तरी ४३ रुपये गेले. तीन रुपये पदरचे घालून बहाद्दर स्वस्त पेट्रोल आणतो! वर वेळ वेगळा.

याउलट जो रोज पेडण्याला किंवा म्हापशाला कामाला येतो, त्याची फेरी तशीही होणारच. त्याला वरखर्च शून्य, मग तो एका लिटरसाठीही थांबला तरी शहाणाच. पंपावर दोघं एकाच रांगेत दिसतात.

तिसवाडी_एक्स्प्रेस | संध्याकाळी ५.५०

भाऊ, पेट्रोल सोडा. रांग कशासाठी होती ते डिकी उघडली की कळतं.

बांद्याचो_भाव | संध्याकाळी ५.५८

ती पूरक वस्तू. 😄

सुंगटां_सोलणारी | संध्याकाळी ७.२०

पूरकवरून आठवलं. बांगडे स्वस्त झाले की बाजारात तेफळां (तिरफळं) खपतात. तेफळां घातल्याशिवाय बांगड्याचं हुमण करणारी मी अजून बघितली नाही. विसवणीला कोण घालतंय.

आणि भीतीबद्दल कोणीच बोललं नाही. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याचा बोभाटा झाला, सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. त्या दिवसांत आमच्या घरात मासळी फुकट दिली असती तरी चुलीवर चढली नसती. भावाचा प्रश्नच नव्हता. नंतरही कितीतरी दिवस मी फक्त ओळखीच्या नुस्तेकान्नीकडूनच घ्यायचे, दोन बांगडे कमी आले तरी. हे तुमच्या विवेकात बसतं का?

दोन_पैसे | संध्याकाळी ७.४१

फार चांगलं बसतं. ताजा कुठला आणि औषध मारलेला कुठला हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. अशा वेळी घेणारा सगळ्यांनाच वाईट धरतो आणि चांगल्या मालवाल्याचाही बाजार उठतो. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर हे मांडलं. तुम्ही जे दोन बांगडे सोडलेत ती खात्रीची किंमत. ओळखीच्या बाईला उद्याही तुमचं गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून ती फसवत नाही.

रानमोगरा | रात्री ८.३०

सोमवारच्या तासाला एवढं भरपूर आहे, वाचनखूण साठवली. एक शेवटचं विचारते, कारण याचं उत्तर मलाही वर्गात धड देता येत नाही. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर भाजी अनुदानित दराने, बाहेरच्या दुकानापेक्षा स्वस्त. मग सगळे तिथेच का घेत नाहीत? मुलं म्हणतात दर्जा. मला तेवढंच कारण वाटत नाही, कारण पुष्कळदा दोन्हीकडचा माल बेळगावचाच.

अंत्रुजकार | रात्री ८.५५

मी घेतो. निवृत्त माणूस, सकाळी माल उतरतो त्या वेळेला जाऊन उभा राहतो, वर्तमानपत्र तिथेच वाचून होते. माझी सून नोकरीला जाते. ती संध्याकाळी येताना दुकानातून घेते तेव्हा गाड्यावर टोमॅटोचा चिखल आणि दोन कोबी उरलेले असतात. तिला स्वस्त भाजी हवी असेल तर अर्धा दिवस रजा टाकावी लागेल. म्हणजे तिच्यापुरती ती भाजी स्वस्त नाहीच.

सुंगटां_सोलणारी | रात्री ९.१०

मग काकांनीच सुनेची भाजी आणावी की. त्यांना रांगेचे पैसे पडत नाहीत.

अंत्रुजकार | रात्री ९.१४

आणतो. पण मी आणलेली भेंडी तिला पसंत पडत नाही.